तुझं सत्य वेगळं, माझं सत्य वेगळं : असं खरंच असतं का?

केतकी_नऊवारी (धागाकर्ती) · रवि, रात्री १०:४०
गौरीजेवणाला आमच्याकडे बावीस माणसं होती. नणंदेचा मुलगा, वय एकोणीस, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. आल्या आल्या आजीच्या पाया पडला आणि म्हणाला, "आजी, पास झालो." सासूबाईंनी मला तिथल्या तिथे पिटाळून किलोभर पेढे आणवले आणि अख्ख्या बिल्डिंगला वाटले. संध्याकाळी मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते (मुद्दाम ऐकलं नाही, देवाशप्पथ), तर पोरगा मित्राला फोनवर सांगत होता की एका विषयात केटी लागली आहे.

मी विचारलं, अरे मग पास काय म्हणालास? तर म्हणे, "मामी, बाकीचे पेपर सुटलेत, पुढच्या वर्षाला प्रवेश मिळालाय, माझ्या दृष्टीने मी पासच आहे. तुझं सत्य वेगळं, माझं सत्य वेगळं. सत्य सापेक्ष असतं." आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

आमटीचा डाव हातात घेऊन मी नुसती उभी राहिले. उत्तर सुचेना. रात्री भांडी आवरताना वाटलं की प्रश्न अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. देश तसा वेश, व्यक्ती तितक्या प्रकृती हे आपणच म्हणतो. माझ्या आजीला सोवळं-ओवळं हे सत्य होतं, मला नाही. मग खरं-खोटं, चूक-बरोबर हे ज्याच्या त्याच्यापुरतंच असतं का? जाणकारांनी सांगावं. सासूबाईंना अजून काही बोललेले नाही.

वऱ्हाडी_ठेचा · १०:४७
केटी कोन्त्या इषयात लागली ते सांगा बाप्पा आधी. सत्यगित्य मंग पाहू.

तिरकस_पेठ · १०:५२
कटाच्या आमटीत गूळ असतो हे निरपेक्ष आणि सार्वकालिक सत्य आहे. धागा बंद केला तरी चालेल.

वऱ्हाडी_ठेचा · १०:५५
साध्या वरनातही गूळ टाकनाऱ्या लोकायनं सत्यावर बोलू नये राजेहो.

उलटतपासणी · ११:२०
भाच्याला एकच प्रश्न विचारा. "सत्य सापेक्ष असतं" हे त्याचं वाक्य सगळ्यांसाठी खरं की फक्त त्याच्यापुरतं? सगळ्यांसाठी म्हणाला, तर निदान एक सत्य तरी निरपेक्ष निघालं आणि वाद तिथेच कोसळला. फक्त त्याच्यापुरतं म्हणाला, तर तुम्ही ते मानायचं कारण नाही. पेढ्यांचे पैसे मागायला मोकळ्या.

हा डाव माझा नव्हे. जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये प्रोटॅगोरस नावाचा तत्त्वज्ञ म्हणाला की माणूस हाच सगळ्या गोष्टींचा मापदंड. एकाच वाऱ्यात एकाला हुडहुडी भरते, दुसऱ्याला नाही. तर पहिल्यासाठी वारा गार, दुसऱ्यासाठी नाही. प्लेटोने त्याला असं घेरलं : तुझ्या मते प्रत्येकाचं मत खरं, मग तुझं मत खोटं आहे असं मानणाऱ्याचं मतही खरंच की!

संपला विषय.

निरुत्तर · सोम, सकाळी ७:०५
इतक्यात संपत नाही हो.

प्रोटॅगोरस म्हणत होता की मत 'मानणाऱ्यापुरतं' खरं. प्लेटोने त्यातलं 'पुरतं' हळूच गाळलं आणि मग विसंगती दाखवली. 'माझं मत तुमच्यापुरतं खोटं आहे' हे प्रोटॅगोरस हसत मान्य करील, त्याचं काही बिघडत नाही. अडचण होते ती दुसरीकडे. तुमचं आधीच खरं असेल तर तो तुम्हाला शिकवणार काय? आणि तो तर चांगली दणदणीत फी घेऊन शिकवत असे.

मी स्वतः नीतीच्या बाबतीत सापेक्षतावादी आहे, लपवत नाही. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलेली एक गोष्ट आहे. इराणचा सम्राट दारयवहू याने दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, काय घेऊन तुम्ही मेलेल्या बापाला खाल? ते म्हणाले, काहीही दिलं तरी नाही. ग्रीक आपल्या मृतांना जाळत. मग त्यांच्यासमोरच त्याने कॅलेशियन नावाच्या हिंदी लोकांना बोलावलं, ज्यांच्यात आईबापांचं शव खायची रीत होती. त्यांना विचारलं, काय घेऊन बापाला जाळाल? ते ओरडलेच, असलं अभद्र बोलू नका म्हणाले. हिरोडोटसचा निष्कर्ष असा की रूढी ही सगळ्यांची राणी.

आता सांगा, या दोघांत चूक कोण? आगगाडीत बसलेला माणूस हलतोय की स्थिर आहे या प्रश्नाला 'कशाच्या संदर्भात' हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. गिल्बर्ट हार्मन नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने नीतीचंही तसंच आहे असं मांडलं. 'हे चूक आहे' हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या चौकटीत, ते सांगा, मग पूर्ण होईल.

तिरकस_पेठ · ७:४०
ते ग्रीक आणि ते कॅलेशियन, दोघांनाही बापाची विटंबनाच नको होती की. भांडण फक्त विटंबना कशाला म्हणायचं यावर. म्हणजे खाली कुठेतरी एकमत निघालं.

(गुळाबद्दलही तसंच. पदार्थ चांगला व्हावा यावर एकमत. वऱ्हाडी मंडळींचं पद्धतीबाबत अज्ञान, इतकंच.)

दहावी_ब_चा_मास्तर · दुपारी १:१५
मधल्या सुट्टीत लिहितोय. मराठीत एक घोळ झाला आहे. आइनस्टाइनच्या सिद्धांतालाही आपण सापेक्षतावाद म्हणतो आणि 'ज्याचं त्याचं सत्य' यालाही. परिणाम असा की चहाच्या टपरीवर कुणीही म्हणतं, "आइनस्टाइननेच सांगितलंय, सगळं सापेक्ष आहे."

त्याने असं काही सांगितलेलं नाही. १९०५ च्या त्या सिद्धांताचा पायाच असा की निर्वात जागेत प्रकाशाचा वेग, सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर, प्रत्येक निरीक्षकाला तोच मिळतो. लांबी बदलते, वेळ बदलते, दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही याचंही उत्तर बदलतं. पण माझ्या आकड्यांवरून तुमचे आकडे काढायचं पक्कं सूत्र आहे, त्यामुळे दोघांचा हिशेब जुळतो. कुणी मनाला येईल ते मोजत नाही.

निरुत्तर यांनी गाडीचं उदाहरण दिलं म्हणून विचारतो. तुमच्या चौकटीतून माझ्या चौकटीत यायचं सूत्र कुठंय? सूत्र नसेल तर ही उपमा नुसती शोभेची.

वऱ्हाडी_ठेचा · १:२२
मास्तर, वर्गात पोरं गोंधळ घालून राह्यले असतील.

दहावी_ब_चा_मास्तर · १:२३
त्यांच्या चौकटीत ती शांत बसली आहेत.

कृष्णाकाठ · दुपारी ३:५०
आम्ही सांगलीकडचे जैन. असा विषय निघाला की कुणीतरी आमच्याकडे बोट दाखवून म्हणतंच, "तुमचा स्याद्वाद तरी काय सांगतो? सगळंच खरं!" म्हणून आधीच लिहून टाकतो.

'स्यात्' म्हणजे इथे 'कदाचित' नव्हे. 'एका अपेक्षेने', 'या बाजूने पाहता' असा त्याचा अर्थ. घडा आहे आणि घडा नाही, ही दोन्ही वाक्यं आम्ही खरी मानतो, पण कशी? घडा घडा म्हणून, मातीचा, या जागी, या वेळी आहे. कापड म्हणून, सोन्याचा, त्या जागी, त्या वेळी नाही. असे एकूण सात भंग, म्हणजे विधानाचे सात प्रकार. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात आक्षेप घेतला की एकाच वस्तूत गारवा आणि उष्णता एकदम नांदत नाहीत, तसं असणं आणि नसणंही नांदणार नाही. आमच्या बाजूचं उत्तर असं की एकाच अपेक्षेने नांदतात असं म्हटलंच कुणी?

आणि एक बाजू धरून बाकीच्या खोट्या म्हणणं याला आमच्याकडे 'दुर्नय' असा शब्द आहे. शब्द आहे म्हणजे चूक आहे. चूक असू शकते असं मानणारा वाद 'सगळंच खरं' कसा म्हणेल? हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सगळे सांगतात, पण त्या गोष्टीत हत्ती आहे हे विसरतात. खांब, सूप, दोरी म्हणणारे आपापल्या जागी ठीक, पण तिथे म्हैस होती म्हणणारा चूकच.

बाकी आमची आजी सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही घेत नसे आणि कुणी 'माझ्या दृष्टीने अजून उजेड आहे' म्हटलं की हसून ताट उचलायची.

केतकी_नऊवारी · ४:३०
कृष्णाकाठ, म्हैस फार आवडली. भाच्याला पाठवते.

उलटतपासणी · ४:४५
कृष्णाकाठ, सुंदर. पण मग पूर्ण हत्ती दिसतो कुणाला?

कृष्णाकाठ · ५:०२
केवलज्ञान्याला, म्हणजे ज्याला सगळं ज्ञान झालं त्याला. या संस्थळावर सध्या कुणी नाही. तिरकस_पेठ यांचा दावा असेल तर कल्पना नाही.

साखळी_आणे · सोम, रात्री ९:१०
मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, आता निवृत्त. तत्त्वज्ञान वाचलेलं नाही. पण 'तुझं सत्य, माझं सत्य' यावर एकतीस वर्षं पगार घेतला म्हणून लिहितो.

एक प्रसंग. दोन चुलत भाऊ, बांधाचा वाद, बोलणं बंद. मोजणीच्या दिवशी सकाळी थोरल्याच्या घरून चहा आला, लगोलग धाकट्याच्या घरून आला. दोन्ही प्यायलो, एकाचा नाकारला तर मोजणी संशयात. थोरला म्हणाला, हद्द त्या बाभळीला धरून. धाकटा म्हणाला, बाभळीच्या अलीकडे सहा हात. आणि साहेब, दोघंही खोटं बोलत नव्हते. वर्षानुवर्षं दोघांच्या बापांनी आपल्याला हवा तसा बांध कोरला होता आणि पोरांना तीच हद्द म्हणून दाखवली होती. ती पोरं आता साठीची.

मोजणीचं टेबल लावलं, नकाशावरून माप काढलं. जागा आली नेमकी थोरल्याच्या उकिरड्यात. शेणखत उपसायला गडी लावला. हातभर खाली पहार खणकन वाजली. हद्दीचा दगड. त्यावर छिन्नीची खूण तशीच. थोरला काही बोलला नाही, उकिरड्याच्या कडेला खालीच बसला. तो दगड ना बाभळीपाशी होता, ना सहा हात अलीकडे.

आमच्या वेळी शंकू साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, तो एक गुंठा. असे चाळीस म्हणजे एकर. नंतर मीटर आले, आर आले. मापं बदलली म्हणून कुणाचं शेत लहानमोठं झालं नाही. मास्तर म्हणतात ते सूत्र आमच्याकडे होतं.

रानजाई · रात्री ११:४०
बरेच दिवस नुसती वाचते इथे. आज लिहिते.

निरुत्तर यांचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला. 'कोणत्या चौकटीत ते सांगा' हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे, फक्त शब्द वेगळे होते : आमच्यात अशीच रीत आहे. माझ्या मोठ्या बहिणीने जातीबाहेर लग्न केलं. आमच्या जातपंचायतीने घराला वाळीत टाकलं. कोणती जमात, कोणतं गाव, सांगणार नाही. दळण द्यायला गेलं की गिरणीवाला म्हणायचा, पट्टा तुटलाय. आमच्या मागच्या बाईचं दळण मात्र व्हायचं. आजोबा गेले तेव्हा खांदा द्यायला वडील, काका आणि वडिलांचे कंपनीतले दोन सहकारी. भावकीतली माणसं ओट्यावर उभी राहून बघत होती. त्यातले काही रडत होते, पण पुढे आलं नाही कुणी.

पंचांच्या चौकटीत ते बरोबर होतं. बरं. पण माझी आईसुद्धा त्याच जमातीची, तीच भाषा, तेच देव. तिच्या मते ते चूक होतं. मग 'आमची रीत' यातले 'आम्ही' कोण? बैठकीत बसणारे पाच पुरुष? चौकट चौकट म्हणता, ती चौकट ज्यांनी ठोकली त्यांनाच तुम्ही विचारता की ती बरोबर आहे का.

२०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. आमच्यासाठी तो उशिरा आला, पण आला.

जुनं_दफ्तर · मंगळ, सकाळी ६:३०
रानजाई, तुमच्या 'आम्ही कोण' या प्रश्नाला या महाराष्ट्रात जुना इतिहास आहे.

१८८४ मध्ये मुंबईत दादाजी भिकाजी याने बायको नांदायला येत नाही म्हणून दावा लावला. बायको रखमाबाई. लग्न झालं तेव्हा अकरा वर्षांची. ती म्हणाली, न कळत्या वयात लावलेलं हे लग्न मला बांधत नाही. १८८५ मध्ये पहिला निकाल तिच्या बाजूने लागला. अपिलात प्रकरण फिरलं आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. ती म्हणाली, कैद पत्करते. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे विलायतेत शिकून ती डॉक्टर झाली.

त्या काळी गदारोळ असा की आमच्या धर्मरिवाजात परक्यांनी ढवळाढवळ करू नये. पण रखमाबाई कुठे परकी होती? याच मुंबईतली होती.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचंही तेच. शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षं केली, एवढ्यावरून रण पेटलं. टिळक विरोधात. टिळकांना यावरून सापेक्षतावादी म्हणणारे लेख वाचलेत मी, ते मला पटत नाहीत. परक्या सरकारने कायद्याने हे करावं का, हा त्यांचा प्रश्न होता. 'न्याय करायचा अधिकार कुणाचा' आणि 'न्याय असतो की नाही' हे दोन प्रश्न आपण सारखे एकात एक गुंडाळतो. संस्कृत पंडित डॉ. रा. गो. भांडारकरांनी तर शास्त्रं उघडूनच कायद्याला आधार दाखवला.

दूरदेशी_मी · सकाळी ८:१५ (माझ्याकडे अजून सोमवारच आहे, ही एक सापेक्षता)
मी अमेरिकेत मानववंशशास्त्र शिकवते. आमच्याच घरातलं उणं सांगते.

१९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा घडत होता. अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने त्यावर निवेदन दिलं, मुख्यतः मेलव्हिल हर्सकोविट्स यांनी लिहिलेलं. म्हणणं असं की मूल्यं संस्कृतीतून येतात, तर पश्चिमेची मूल्यं साऱ्या जगाला कशी लागू करणार? आज ते वाचून नाकं मुरडतात, पण हेतू वाईट नव्हता. 'आम्ही सुधारलेले, तुम्ही रानटी' असं म्हणत अर्धं जग गिळलं गेलं होतं, त्याला ते उत्तर होतं.

आता दुसरी बाजू बघा. त्याच जाहीरनाम्याच्या समितीत भारताच्या हंसाबेन मेहता होत्या. पहिल्या कलमातली 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघणारी इंग्रजी शब्दयोजना बदलून 'सर्व मानव' करायला त्यांनी लावलं. म्हणजे पश्चिमेचं म्हणून ज्याची धास्ती होती, ते जास्त सार्वत्रिक केलं एका हिंदुस्थानी बाईने. १० डिसेंबर १९४८ ला मतदान झालं : ४८ बाजूने, विरोधात शून्य, ८ तटस्थ. तटस्थांत वर्णभेदवाली दक्षिण आफ्रिका होती. आमच्याकडची रीत वेगळी म्हणणारे कोण असतात ते पाहून घ्या.

आमच्या संघटनेने १९९९ मध्ये भूमिका बदलली.

तरी वर्गात मी पहिले दोन महिने मुलांना सापेक्षतेचीच सवय लावते. निवाडा करण्याआधी त्या घरात बसून जेवा, मग बोला. पद्धत म्हणून ती हवीच. मुक्काम म्हणून नको.

निरुत्तर · सकाळी ९:००
रानजाई, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला, लगेच उत्तर देणं बरं वाटलं नाही.

दोन गोष्टी. सापेक्षतावादी माणूस पंचायतीला नाव ठेवू शकत नाही असं नाही. मी माझ्या चौकटीतून ठेवतो, कायद्यालाही पाठिंबा देतो. सगळ्यांना सगळं खपवून घ्या, हे सापेक्षतावादातून निघतच नाही. लोक ते उगाच चिकटवतात. दुसरं, 'आम्ही कोण' याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एका समाजात चौकटी अनेक असतात असं म्हणू शकतो, पण मग चिरत चिरत शेवटी एकेका माणसाची एकेक चौकट उरते, आणि ती तर केतकीताईंच्या भाच्याची.

साखळी_आणे यांना मात्र विचारतो. ती हद्द दगडधोंड्यांसारखी निसर्गात नव्हती ना? कुणीतरी माणसानेच आखली.

साखळी_आणे · सकाळी १०:२०
माणसानेच. इंग्रजी अमदानीत मोजणी झाली तेव्हाची. पण आखल्यावर ती नांगराच्या फाळाने सरकत नाही.

निरुत्तर · १०:३१
हेच मला हवं होतं! नीती अशीच : माणसांनी घडवलेली, पण एकट्यादुकट्याच्या लहरीवर न हलणारी. पास कशाला म्हणायचं हे विद्यापीठाने ठरवलंय, म्हणून ते मानवनिर्मित. तरीही भाचा ते आपल्यापुरतं बदलू शकत नाही. केतकीताई, तुमचा भाचा माझ्या वादातसुद्धा बसत नाही. त्याला आमच्यात घेऊ नये.

रानजाई · ११:०५
आणि हद्द आखणाऱ्यानेच खोटी आखली असेल तर? पंचांनीसुद्धा आखूनच दिली होती.

साखळी_आणे · दुपारी १२:४०
ताई, मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागायची सोय असते. वरचा अधिकारी येऊन पुन्हा मोजतो. तीही मान्य नसेल तर सुपर निमताना. माझ्या स्वतःच्या दोन मोजण्या निमतान्यात चुकीच्या निघाल्या, तेव्हा लाज वाटली, आता सांगताना वाटत नाही. मला काय म्हणायचंय, की कागदावर साहेबाची सही झाली म्हणजे हद्द बरोबर, असं आमचं खातंसुद्धा म्हणत नाही. नाहीतर निमताना कशाला ठेवला असता? तुमच्या आईने निमताना मागितला होता. पंच म्हणत होते, आमच्यात निमताना नाही.

रानजाई · १२:५८
आईला हे वाचून दाखवते. मोठ्याने.

निरुत्तर · दुपारी १:३०
निमताना मान्य. पण सुपर निमतान्याच्या वर कोण? शेवटचा दगड कोणत्या उकिरड्याखाली आहे?

साखळी_आणे · १:४५
वर दिवाणी कोर्ट, मग हायकोर्ट. तोवर पार्टी म्हातारी होते. शेवटचा दगड मी पाहिलेला नाही साहेब. पण नाहीच म्हणून खणायचं थांबलो असतो तर तो उकिरड्यातलाही सापडला नसता.

पोथीवाला · सायं ६:१०
उशिरा आलो. तुकोबांना कुणीच बोलावलं नाही याचं आश्चर्य वाटतं. 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.' समाज म्हणतो ते सत्य, या मताला एका ओळीत उत्तर.

उलटतपासणी · ६:२५
पण मग 'मन केले ग्वाही' म्हणजे ज्याचं त्याचं मन, ज्याचं त्याचं सत्य. भाचा जिंकला की!

पोथीवाला · ६:५०
ग्वाही म्हणजे साक्ष. साक्षीदार घडलेलं सांगतो, घडवत नाही. म्हणून तर तो खोटा पडू शकतो. तुकोबांनी मनाला साक्षीला उभं केलं, मालक केलं नाही.

आणि भाच्याला थोडी सूट द्यायची असेल तर महाभारतात सोय आहे, टिळकांनी गीतारहस्यातही याची चर्चा केली आहे. कर्णपर्वात कौशिक नावाचा ब्राह्मण येतो. कायम खरंच बोलायचं व्रत. चोरांपासून पळणारी माणसं रानात लपली, चोरांनी याला विचारलं, याने बोट दाखवलं. ती माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. आणि आदिपर्वात पाच ठिकाणचं खोटं पाप नाही असं सांगितलंय : थट्टेत, स्त्रियांशी, लग्नाच्या वेळी, जिवावर बेतलं असता आणि सर्वस्व जात असता. पण हा सापेक्षतावाद नव्हे बरं का. कौशिकाने चूक केली, असंच व्यास म्हणतात, 'त्याच्या दृष्टीने बरोबर' असं नाही म्हणत.

तिरकस_पेठ · ६:५८
पाचात केटी कुठे बसते?

दूरदेशी_मी · ७:०५
पाचातलं दुसरं मी वाचलं नाही असं समजते.

पोथीवाला · ७:१०
दुसऱ्याला निमताना लावा, माझी हरकत नाही.

संपादक · रात्री ८:००
वरणातल्या गुळावरचे सतरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. तिथे एकमेकांच्या जिल्ह्यांवर घसरू नये.

केतकी_नऊवारी · गुरु, रात्री ९:३५
सगळ्यांचे आभार. रानजाई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

घरची बातमी : भाच्याला हा धागा वाचायला दिला. म्हैस आणि उकिरडा दोन्ही वाचून झाल्यावर बराच वेळ मोबाइलवर उगाच बोट फिरवत बसला. मग म्हणाला, आजीला मीच सांगतो. गेला आणि सांगितलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही. म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. पास झालेलं पोर किती टक्के ते आधी सांगतं. तू नुसतं पास झालो म्हणालास."

मी थक्क. म्हटलं, आई, मग पेढे कशाला वाटलेत? तर म्हणाल्या, "घरात बावीस माणसं, गौरी जेवायला बसलेल्या, त्यात त्याची आई. तिथे काय टक्के विचारत बसू?" आणि भाच्याकडे वळून, "पेढ्याचे सहाशे चाळीस झाले. केटी सुटली की तू आणायचेस, आणि बारा घरी जिने चढून तूच वाटायचेस. कशाचे म्हणून कुणी विचारलं तर खरं काय ते सांगायचं."

तो म्हणाला, आजी, सहाशेच झाले होते. मामीने सांगितलं मला. सासूबाई म्हणाल्या, चाळीस रिक्षाचे.

आणि हो, वऱ्हाडी_ठेचा, पहिल्या दिवशी विचारलंत ते राहूनच गेलं. केटी तर्कशास्त्रात.

वऱ्हाडी_ठेचा · ९:३८
अन् मी इतके दिवस हे सारे प्रतिसाद वाचत बसलो बाप्पा!